चेअरमनची केबिन आणि नारायणगावची राहुटी

आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव. तहसील कचेरी घोडेगावला, बाजार समिती मंचरला, आणि खुद्द आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. नव्यानं बदलून आलेल्या साहेबाचे सुरुवातीचे दिवस हे समजून घेण्यातच जातात. कळंबच्या माणसाला यात समजून घेण्यासारखं काही वाटत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर, घोड नदीच्या अंगाला बसून त्याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पक्का झालेला आहे. दाखल्याला घोडेगाव, बाजाराला मंचर, टोमॅटोला आणि तमाशाला नारायणगाव. कुठलं काम कुठे जाऊन होतं याचं इतकं पक्कं भान असलेला माणूस स्वतः ऑफिस बांधायला निघाला की ते भान कुठे जातं, हा गेले काही दिवस माझ्या चिंतनाचा विषय आहे.

चिंतनाला निमित्त झालं एका पतसंस्थेच्या नव्या इमारतीचं. नाव सांगत नाही. आमच्या पट्ट्यात पतसंस्था इतक्या आहेत की वाचणाऱ्याला ती आपलीच वाटेल, आणि ते बरंच आहे. जुनं ऑफिस रस्त्याला लागून दोन खोल्यांचं होतं. ठेवी वाढल्या, तशी इमारतीची स्वप्नं पडू लागली. इमारत समिती नेमली गेली आणि चार बुकं वाचलेला माणूस म्हणून मलाही ‘विशेष निमंत्रित’ केलं. विशेष निमंत्रिताला मत नसतं, चहा असतो.

पुण्याहून आर्किटेक्ट आले. त्यांनी आधी एक रंगीत चित्र टेबलावर पसरलं. निळ्या काचांची तीन मजली इमारत, दारात परदेशी बनावटीची गाडी, आपल्याकडे कुठेच न दिसणारी उंच झाडं, आणि पायऱ्यांवरून लॅपटॉपची बॅग लावून उतरणारी एक तरुणी. धोतर-टोपीतला एकही माणूस चित्रात नव्हता. संस्थेचे निम्मे ठेवीदार धोतर-टोपीतले आहेत. पण चित्र पाहून संचालक मंडळ इतकं हरखलं, की त्याखाली गुंडाळून ठेवलेला नकाशा कुणी उलगडलाच नाही. मी उलगडला, कारण मला दुसरं काम नव्हतं.

नकाशा मोठा प्रामाणिक होता. संस्थेच्या वार्षिक अहवालात पहिल्याच पानावर उद्दिष्टं छापलेली असतात: ठेवी वाढवणे, सोनेतारण कर्ज वाढवणे, थकबाकी कमी करणे, तळागाळातल्या सभासदाला पत मिळवून देणे. नकाशात यातलं काहीच नव्हतं. तळमजला गाळ्यांना दिला होता, एक मोबाईलवाल्याला, एक बेकरीला, कारण भाडं येतं. ऑफिस पहिल्या मजल्यावर. म्हणजे गुडघे धरून चालणाऱ्या आजीनं मुदत ठेवीचं व्याज आणायला बावीस पायऱ्या चढायच्या. चेअरमनची केबिन वीस बाय पंधरा, स्वतंत्र बाथरूमसह, पूर्वेकडे तोंड करून. तिजोरी उत्तरेला, कुबेराच्या दिशेला, ही वास्तुशास्त्रवाल्याची सूचना. संचालकांचं टेबल एकवीस खुर्च्यांचं, कारण कायद्यानं संचालक जास्तीत जास्त 21 असू शकतात. कोरमपुरते जमले तरी आनंद, हा भाग वेगळा. आणि वसुली विभाग? तो जिन्याखाली, लाइटच्या मीटरशेजारी होता. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचे दाखले मिळवायचे, थकबाकीदाराला समोर बसवून दोन शब्द गोडीत आणि एक जरा कडक बोलायचा, ही सगळी कामं मान वाकवून करायची होती. कारण तिथे उभं राहिलं की डोकं जिन्याला लागतं.

मला या मंडळींचं खरंच आश्चर्य वाटतं. यातल्याच एका संचालकानं मागच्या वर्षी कांद्याची बराख बांधली. तेव्हा हा माणूस दोन दिवस शेतात उभा राहून वारा कुठून येतो ते बघत होता. तळ जमिनीपासून किती उचलायचा, पट्ट्यांमध्ये फट किती ठेवायची, रुंदी वाढवली तर मधला कांदा सडेल, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. बराखीत काय टिकवायचं आहे ते त्याला ठाऊक होतं. ऑफिसात काय टिकवायचं आहे असं मी त्याला विचारलं. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “प्रतिष्ठा.”

उत्तर चुकीचं नव्हतं. पतसंस्था विश्वासावर चालते आणि खेड्यात निळ्या काचेवर विश्वास बसतो. पण मग ते अहवालात लिहा. उद्दिष्ट क्रमांक एक, रस्त्यावरून जाणाऱ्यानं गाडी हळू करून बघावं. ते लिहायची आपल्याला लाज वाटते, म्हणून ते बांधतो.

खरी गोष्ट मला काऊंटरवरच्या ताईंनी सांगितली. मीटिंग संपून सगळे वडापावकडे वळले तेव्हा त्या नकाशावर वाकून काहीतरी शोधत होत्या. म्हणाल्या, “सर, सोनं कुठे मोजायचं?” नकाशात सोनेतारणाचं टेबल हॉलच्या मध्यावर दाखवलं होतं. आर्किटेक्टच्या दृष्टीनं ते योग्यच, कारण सोनेतारण वाढवायचं तर ते ठळक दिसलं पाहिजे. ताईंनी जे सांगितलं ते कुठल्याच अहवालात नाही. बाई घरातून निघते तेव्हा पाटल्या रुमालात बांधून, रुमाल पिशवीच्या तळाशी, वर कोथिंबिरीची जुडी. पेरणी तोंडावर आलेली असते, किंवा पोराच्या कॉलेजची फी. ती ऑफिसात येते, हॉलमध्ये नजर टाकते. बाकावर चुलत जाऊ बसलेली असते, काऊंटरशी शेजारच्या आळीतले भाऊजी उभे असतात. समोर सराफ भिंग लावून बसलेला, काट्यावर कुणाचं तरी मंगळसूत्र. बाई पासबुक पुढे करते, भरून घेते आणि निघते. पिशवी तशीच. दुसऱ्या दिवशी एसटीनं मंचरला जाऊन, जिथे तिला कुणी ओळखत नाही तिथे, त्याच पाटल्या ठेवून येते. “दर आपला कमी आहे सर,” ताई म्हणाल्या, “तरी जातात. आडोसा नाही ना.”

आणि त्याच नकाशात आडोसा होता! वीस बाय पंधराचा, पडद्यासह. त्यात चेअरमन बसणार. आमचे चेअरमन सज्जन माणूस आहेत. त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. त्यांना मधुमेह आहे आणि ते बिनसाखरेचा चहा पितात, ही सगळ्यात गुप्त बातमी, आणि तीही गावाला माहीत आहे. ते दिवसातला बराच वेळ समोरच्या टपरीवर चारचौघांत असतात, आणि संस्थेचं निम्मं काम तिथेच होतं. ज्याला आडोशाची गरज नाही त्याला केबिन, जिला आहे तिला हॉलचा मध्य. बसायची जागा माणसाच्या हुद्द्यावरून ठरवली, कामावरून ठरवली नाही, एवढाच सगळा घोटाळा.

हा घोटाळा फक्त आमच्याकडचा समजू नये. माझा पुतण्या हिंजवडीत आहे. त्याच्या कंपनीत कुणालाच स्वतःची जागा नाही, रोज सकाळी मोबाईलवर टेबल राखायचं. मी म्हटलं, म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचा. तो म्हणाला, काका, यानं लोक एकमेकांत मिसळतात. मिसळत असतील. पण हार्वर्डच्या बर्नस्टाइन आणि टर्बन या दोघांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मोठ्या कंपन्यांनी भिंती पाडून ऑफिस मोकळं केलं, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या अंगावर यंत्रं लावून कोण कुणाशी बोलतं ते मोजलं. समोरासमोरचं बोलणं वाढायच्या ऐवजी सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. सगळे सगळ्यांना दिसायला लागले की माणूस कानाला हेडफोन लावतो. आमची पाटल्यावाली बाई हार्वर्डला न विचारता हेच करत होती.

त्याआधीची गंमत अमेरिकेतली. रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या माणसानं हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी 1964 मध्ये नव्या तऱ्हेचं ऑफिस मांडलं, 1968 मध्ये ते सुधारलं. त्याची इच्छा अशी की माणसाला हलायला, उभं राहून काम करायला, सोयीनं भिंत सरकवायला जागा असावी. म्हणून पडद्यांचे कोन त्यानं 120 अंशांचे, ऐसपैस ठेवले. कंपन्यांनी ते पडदे विकत घेतले, कोन 90 अंशांचे केले आणि तेवढ्याच जागेत अधिक माणसं कोंबली. जगभरच्या ऑफिसांतल्या खुराड्यांचा जन्म असा झाला, आणि त्याचं श्रेय आपल्याला मिळतं याचं त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत वाईट वाटलं. हेतू शोधणाऱ्याचा एक होता, बिल भरणाऱ्याचा दुसरा. बिल भरणाराच जिंकतो.

इथवर आलो की मला नारायणगाव आठवतं. उन्हाळ्याची चाहूल लागते, गावोगावच्या जत्रा जवळ येतात, आणि नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव, तमाशाची पंढरी. राहुटी म्हणजे काय, तर फडाचं तात्पुरतं ऑफिस. कापडाच्या कनाती, वर छत, समोर फडाच्या नावाचा आणि कलावंतांच्या फोटोंचा फलक. आत एक टेबल, चार-सहा खुर्च्या, तारखांची वही आणि तिथी असलेलं कॅलेंडर. मॅनेजर तोंड रस्त्याकडे करून बसतो. भिंत नाही, केबिन नाही, स्वागतकक्ष नाही. फडमालक आला तर तोही त्याच खुर्च्यांपैकी एकीवर.

गावचे पंच जीप करून येतात. ग्रामदैवताची जत्रा अमुक तिथीला, रात्री तमाशा, सकाळी हजेरी. राहुट्या एकमेकींच्या शेजारी असल्यानं पंच एकीतून उठून दुसरीत जातात, भाव काढतात, परत पहिलीत येतात. मॅनेजरला ते दिसत असतं आणि आपण त्याला दिसतोय हे पंचांना माहीत असतं, त्यामुळे घासाघीस अर्धी चालण्यातच होऊन जाते. चैत्र पौर्णिमेच्या आसपासच्या तारखा महाग, कारण गावं अनेक आणि रात्र एकच. शेवटी सुपारी ठरते, करार लिहिला जातो, इसार दिला जातो, वहीत त्या तारखेसमोर गावाचं नाव पडतं. हंगाम सरला की राहुटी गुंडाळून गाडीत. भाडं नाही, देखभाल नाही, लिफ्टची वार्षिक दुरुस्ती नाही.

मी एका राहुटीत बराच वेळ बसून राहिलो होतो. तिथे मला एकही निरुपयोगी वस्तू दिसली नाही. फडाकडे विकायला फक्त तारखा असतात, म्हणून टेबलावर तारखा. गिऱ्हाईक रस्त्यानं येतं, म्हणून तोंड रस्त्याला. गिऱ्हाइकाला तुलना करायची असते, म्हणून प्रतिस्पर्धी शेजारी. एवढं सगळं बसवायला कुणी सल्लागार नेमला नव्हता. मात्र हेही सांगायला हवं, की ज्या कलावंतांच्या जोरावर हे चालतं त्यांच्या राहण्या-जेवणाची, कपडे बदलायची जागा बऱ्याच गावांत अजून अशी नेटकी मिळत नाही. ऑफिस चोख आणि मागची बाजू उघडी, हा दोष फडांचा कमी आणि बोलावणाऱ्या गावांचा जास्त.

नारायणगावापासून आत खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. त्यांतल्या 14 मधल्या चौकात, साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये, जवळजवळ. उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर लांब लांब, पार पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. जवळच्यांमुळे आकाशातला पसरट, अंधूक भाग दिसतो. लांबच्यांमुळे बारकावा कळतो. कुणाला शेजारी बसवायचं आणि कुणाला दूर पाठवायचं, हे डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी काय बघायचं ते ठरवून मग ठरवलं. जागाही अशी, जिथे रेडिओचा गोंगाट कमी. दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेचं मुख्यालय पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात. आकाश ऐकायचं काम मात्र डोंगरांच्या आडोशाला, शांततेत. माणसांच्या बाबतीत एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी 1977 च्या पुस्तकात असंच काही मोजून दाखवलं होतं. टेबलांमधलं अंतर पन्नासेक मीटरच्या पुढे गेलं की माणसं कामाचं बोलणं जवळपास सोडूनच देतात. आमच्या नकाशात कॅशिअर आणि वसुली अधिकारी यांच्यामध्ये एक जिना, एक बेकरी आणि एक चेअरमन येत होता.

सरकारला नावं ठेवायची सवय आपल्याला आहे, म्हणून एक उलटं उदाहरण देतो. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय पुण्यातल्या एखाद्या टोलेजंग इमारतीत ठेवता आलं असतं. ते घोडेगावला आहे. भीमाशंकर-आहुपेच्या अंगाकडून खाली उतरणाऱ्या माणसाला ते वाटेत पडतं. आत गेल्यावर काम किती वेळात होतं हा वेगळ्या निबंधाचा विषय. पण दार योग्य गावात आहे, आणि निम्मं नियोजन तिथेच झालं.

दार योग्य जागी ठेवण्याची अक्कल आपल्या मुलखाला जुनी आहे. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट. कोकणातल्या बंदरांवरून माल घाट चढून जुन्नरकडे यायचा, त्या घाटाच्या माथ्यावर सातवाहनांचं लेणं आणि जवळच मोठा दगडी रांजण. जकात त्या रांजणात टाकत, असं परंपरेनं सांगतात. आता, जकात नाका बांधायला याहून चांगली जागा सुचवा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खिंड, माल आणणाऱ्याला दुसरा रस्ताच नाही. चढून चढून दमलेला माणूस वादही घालत नाही.

लेण्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. कुठले यज्ञ केले, दक्षिणा किती दिली, गायी किती, घोडे, हत्ती, कार्षापण किती, असा तो त्या काळातला वार्षिक अहवालच. आणि मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींच्या मूर्ती ओळीनं कोरल्या होत्या, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव: सिमुक, नागनिका, सातकर्णी, राजपुत्र. मूर्ती कधीच फुटून गेल्या. उरलीत नावं आणि खाली पावलांच्या खुणा. आमच्या नव्या इमारतीत संस्थापकांच्या तसबिरींसाठी हॉलची अख्खी भिंत राखून ठेवली होती, तेव्हा मला ती पावलंच दिसली. पण नाणेघाटच्या मंडळींनी एक केलं. तसबिरी आत लावल्या आणि जकात बाहेर, रस्त्यावर घेतली. एकीच्या जागेवर दुसरी चढवली नाही.

नॉर्थकोट पार्किन्सन हे गृहस्थ इतिहासकार, पण 1957 च्या त्यांच्या विनोदी पुस्तकामुळे जास्त ठाऊक झाले. त्यात त्यांनी एक भीतिदायक सिद्धांत मांडला आहे. संस्थेची इमारत आखीवरेखीव, परिपूर्ण झाली की समजावं संस्था बुडायच्या बेतात आहे. धावती संस्था दाटीवाटीत, कुठेतरी ओसरीवर काम करत असते, तिला भिंती रंगवायला वेळ नसतो. दाखला म्हणून ते नवी दिल्लीही देतात. 1931 मध्ये थाटात उद्‌घाटन झालं आणि सोळा वर्षांत साहेब आपल्या गावी गेला. मी हे समितीत सांगून पाहिलं. चेअरमन म्हणाले, “म्हणजे इमारत झाली तर आपण बुडणार?” मी म्हटलं, इंग्रजांचं तसं झालं. ते म्हणाले, “ते बाहेरचे होते.” यावर उत्तर नाही.

इमारत झाली. निळ्या काचा लागल्या. उद्‌घाटनाला नेते आले, तसबिरी लागल्या, जिन्याखाली वसुली विभागाचा फलक लागला. बेकरीचा वास पहिल्या मजल्यापर्यंत येतो, एवढी एक सुधारणा नकाशात नव्हती. सोनेतारणाचं टेबल काही दिवस हॉलच्या मध्यावर राहिलं. मग ताईंनी कुणालाही न विचारता सुताराकडून फळ्यांचा एक आडोसा करून घेतला आणि टेबल कोपऱ्यात सरकवलं. बिल किरकोळ खर्चात टाकलं. आता पिशव्यांतून कोथिंबिरीखालचे रुमाल इथेच सुटतात, असं त्या सांगतात. चेअरमन अजून टपरीवरच भेटतात. केबिनमध्ये त्यांना एसीची थंडी सोसत नाही.

सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तुमच्याही संस्थेची नोटीस येईल, विषयपत्रिकेत कुठेतरी ‘इमारतीच्या आराखड्यास मंजुरी देणे’ असं असेल, आणि रंगीत चित्र पडद्यावर झळकलं की टाळ्या पडतील. टाळ्या द्या, पण नंतर हात वर करून नकाशा मागा. सोनं कुठे मोजणार, आजी कुठून चढणार आणि वसुलीवाल्याचं डोकं कुठे लागणार, एवढंच विचारा. ठराव मांडायची वेळ आली तर सूचक म्हणून खुशाल माझं नाव घाला. अनुमोदक तेवढा तुम्ही शोधा.